तारीख मास्तरांनी सांगितली

लातूर, ता. ३ मार्च २०२५

ती. साहेबकाकांस,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या ‘काय, काय’नं अख्खी गल्ली दारात येते, म्हणून पत्र. बोलायचं आहे ते तुमच्या नातीबद्दल, आपल्या छकुलीबद्दल. उत्तरात तिचं खरं नाव लिहू नका, कायदा तसा आहे.

तिच्यावरच्या अत्याचारासाठी शिक्षा झालेल्या त्या माणसाच्या अपिलाची सुनावणी हायकोर्टात सुरू झाली. त्याच्या वकिलांनी एकच मुद्दा धरलाय. फिर्यादीत सोमवार, २१ ऑक्टोबर २०१९ लिहिलंय, आणि त्या दिवशी पहाटेच तो उदगीरला दवाखान्यात भरती झाल्याचा कागद आहे. म्हणजे सात वर्षांची पोर पढवलेलं बोलली, असं त्यांचं म्हणणं. हे पटलं तर तो सुटेल आणि पुन्हा तुमच्याच गल्लीत राहायला येईल. ती तारीख कुणी सांगितली होती, तेवढं आठवून कळवा. काकूंना जयभीम. लोभ आहेच, तो रागावण्यासकट असू द्या.

तुमची पुतणी,
ॲड. लुंबिनी

गावाहून (ता. मुखेड), ७ मार्च

चि. लुंबिनीस,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

तारीख मी सांगितली. पोरगी दिवाळी झाल्यावर आईजवळ बोलली. दिवाळीआधीच्या बाजारच्या दिवशी, एवढंच सांगत होती. ठाण्यात तारीख विचारली तेव्हा आमच्या प्रीतमला, तिच्या बापाला, काही सुचेना. मी पडलो मास्तर, उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या गावचा बाजार सोमवारचा, म्हणून कॅलेंडरात सोमवार बघितला आणि छातीठोक सांगून टाकला.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. लिहायला लाज वाटते, पण तो दवाखान्यात होता तर पोरीचंच काही चुकलं असेल का, असं क्षणभर मनात आलं. दोन दिवस तिच्याकडं बघवलं नाही. म्हणशील तर कोर्टात येऊन चूक कबूल करतो.

तुझा काका,
साहेबराव

लातूर, ता. १२ मार्च

ती. काकांस, सविनय जयभीम.

येऊ नका. काल तिची साक्ष तिसऱ्यांदा वाचली. सोमवारच होता ना, असं तिला चार वेळा विचारलंय. चारही वेळा तिनं सांगितलं की वार मला ठाव न्हाई, बाजार होता. मोठ्या माणसानं एकदा तरी मान डोलावली असती. मग, आणखी काय आठवतं म्हणून विचारलं, तर म्हणाली की दुसऱ्या दिशी माय मत टाकून आली, तिच्या बोटाला शाई होती.

काका, विधानसभेचं मतदान त्या सोमवारी होतं! म्हणून त्या आठवड्याचा बाजार रविवारीच भरवला होता. ग्रामपंचायतीत तशी नोंद सापडली, ती दाखल करतोय. रविवारी तो गावात होता, हे त्याच्याच साक्षीदारानं कबूल केलंय. खरा दिवस इतकी वर्षं त्या कागदात होता आणि आम्हा काळ्या कोटवाल्यांपैकी कुणालाच दिसला नाही. एवढीशी पोर, पण तिच्यापुढं मला माझी वकिली फार लहान वाटली.

तुमची,
लुंबिनी

गावाहून, ९ एप्रिल

चि. लुंबिनीस, आशीर्वाद.

तुझा फोन प्रीतमनं घेतला आणि मला पाटीवर लिहून दाखवलं, अपील फेटाळलं, शिक्षा कायम. न्यायमूर्तींनी म्हटलंय म्हणे, या मुलीनं जे ठाऊक नव्हतं ते एकदाही ठाऊक आहे म्हटलं नाही, म्हणून ती जे सांगते त्यावर विश्वास ठेवायला हवा. प्रीतमनं दोनदा लिहिलं, पण डोळे भरून आल्यामुळं मला धड वाचवेना.

तिच्यावर मी शंका घेतली होती, ते तिला सांगून माफी मागायची ठरवली होती. काय बोलायचं ते मनात घोकूनही ठेवलं होतं. मी वर्गात पाऊल टाकलं की पोरं उठायची, अशी माझी चाळीस वर्षं गेली. आज दुपारी ती शाळेतून आली, उंबऱ्यात चप्पल काढायला वाकली, आणि घोकलेलं सगळं विसरून मी काठी टेकत उठून उभा राहिलो. ती बस म्हणेपर्यंत बसलो नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
साहेबकाका