टोस्ट सँडविचचा दिवस

प्रिय धाकटे,

टोस्टरचं झाकण त्याने माझ्या हातावर दाबलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ब्रेडला लागतो तेवढाच वेळ. मी हात ओढू लागले तेव्हा म्हणाला, "काढलास तर दुसरा ठेवावा लागेल." आवाज चढवला नाही. भाऊजी कधी आवाज चढवत नाहीत, असं तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस. खरं आहे ते.

हे मंगळवारचं. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लावून घे.

बुधवारी टोस्ट सँडविचचा दिवस होता. चीज कंपनीने मागितला, तो फोटो काढतो त्या जाहिरात कंपनीने शोधून काढून दिला. जाम पडून असेल तर जामचा दिवस, चमचे खपत नसतील तर चमच्यांचा. तुम्ही हसता, एकमेकींना पाठवता. पण प्रत्येक दिवस आदल्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन जातो, फोटोसाठी. या वेळी सँडविचचा अर्धा तुकडा उचलताना ताटलीपर्यंत चीजची लांब तार यायला हवी होती. तुकडा उचलायचा मी. तार तुटत होती, ब्रेड संपत आला होता, आणि शेवटच्या खेपेला मी घाई केली.

नंतर त्याने स्वतः खाली जाऊन नवा ब्रेड आणला. तू पाहिलेल्या फोटोत तुकडा डाव्या हातात आहे. उजवा टेबलाखाली पाण्याच्या पातेल्यात होता. फोटोखाली तू लिहिलंस, ताईच्या हाताला चव आणि भाऊजींच्या डोळ्याला दृष्टी. त्याने ते मला वाचून दाखवलं.

पॅनकेकच्या दिवसाचं मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. फोटोत मध चमकत नाही, जिरून जातो, म्हणून वर गाडीचं इंजिन ऑइल ओततात. काम संपल्यावर मी म्हटलं, एवढं पीठ फुकट गेलं. त्याने मला खुर्चीत बसवलं, काट्याने तुकडे केले आणि एकेक भरवला. तोंड मिटलं तेव्हा नाक दाबलं. तू म्हणालीस, ताई, तुला ढेकर आला तरी तू त्याचं खापर भाऊजींवर फोडशील. आदळआपट कुणाच्या घरात नसते, असंही म्हणालीस. मला तेव्हा तुझा राग आला नाही. तो तुमच्याकडे येतो तेव्हा मीसुद्धा त्याच्या विनोदांना हसते. चांगले असतात.

तुझी ठमी मागच्या सुट्टीत आमच्याकडे आली होती, आइस्क्रीमच्या दिवशी. दिव्यांखाली आइस्क्रीम टिकत नाही, म्हणून आम्ही बटाटा कुस्करून, रंग घालून गोळे केले होते. ठमीने चाटून बघितलं आणि म्हणाली, काका, तुम्ही तर सगळ्या जगाला गंडवता हो. तो खूश झाला. त्या आठवड्यात त्याने मला बोट लावलं नाही. पोरगी घरात असली की सगळं ठीक राहील, असं मलाही वाटून गेलं होतं. म्हणूनच तो तिला आपल्या ऑफिसात चिकटवतो, राहील आपल्याकडेच, म्हणाला तेव्हा मी गप्प बसले.

आज, शनिवारी दुपारी चहा घेताना तो तिचा फोटो बघत होता. बोटांनी मोठा केला. चेहरा नाही, हात. म्हणाला, "हिची बोटं तुझ्यापेक्षा लांब आहेत. सोमवारी ही आली की तू सुटलीस."

माझ्या डाव्या हाताशी मधाची बरणी होती. ती मी त्याच्या डोक्यात घातली. बरणी फुटली नाही. कान फुटला. तो खाली बसला आणि हसायला लागला, म्हणून आणखी एकदा घातली. मग त्याने माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि माझं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. एक दात तिथेच राहिला. मी त्याच्या दंडाला चावले, तो सोडेपर्यंत सोडलं नाही, आणि अनवाणी जिना उतरले.

खालच्या शिंपीणबाईंकडे आहे. त्यांच्या कापायच्या टेबलावर लिहितेय. तो मागोमाग आला, दार ठोठावू लागला, बाईंना सांगू लागला, आमची बायको आजारी आहे, वगैरे. बाई आतूनच म्हणाल्या, "ब्लाउज न्यायचा असेल तर उद्या या. भांडायचं असेल तर आत्ता या, कात्री हातातच आहे." तो वर गेला.

त्यांच्या फोनवरून मी तुला फोन केला. तोवर त्याने तुला गाठलं होतं. तू म्हणालीस, भाऊजींनी सगळं सांगितलंय, तू आधी शांत हो, आणि ठेवून दिलास. पुन्हा उचलला नाहीस. ठमीचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि मोबाइल वर त्याच्याकडे. म्हणून हे पत्र. बाईंचा भाऊ सकाळी तुमच्या गावची बस घेऊन निघतो. तो तुझ्या दारात आणून देईल.

माझं खरं मानायचं नसेल तर नको मानूस. त्याचं मान. बहीण वेडी झाली, चांगल्या माणसाचा तिने कान फोडला, असंच सगळ्यांना सांग. फक्त एवढं कर, अशा वेडीच्या घरी आपली मुलगी पाठवू नकोस.

तुझीच,
ताई

रविवार सकाळ. दोन पोलीस आलेत. त्याने तक्रार दिली आहे. मी म्हटलं, हो, मारलं, आणि त्या घरात ठमी आली तर पुन्हा मारीन. त्यांनी ते लिहून घेतलं. बसवाले भाऊ खाली थांबलेत, पाकीट त्यांच्याकडे देतेय.