येतो, गुरुजी

१२ जानेवारी, जळगाव
कानात अजून तो आवाज आहे. असोद्याच्या शाळेत चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणायची, तेव्हा वरचे पत्रे थरथरायचे. निवृत्तीला सोळा वर्षं झाली, तरी वहीवर तारीख घातली की ते पत्रे वाजतात. आज नव्या जागी आलो. लठ्ठपणावर संशोधन करणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेच्या माडीवरची खोली. खिडकीबाहेर केळीची बाग. पानं वाऱ्यात टाळ्या देतात. काम एवढंच, रुग्णांसाठीची पत्रकं सोप्या मराठीत लिहायची. या वयात मराठीच्या मास्तराला कुणी बोलावतं, यापरतं सुख कोणतं!

१५ जानेवारी
सारिकाबाई इथल्या मुख्य डॉक्टर. हौसेनं समजावतात. अंगात काही पेशी कोवळ्या असतात, पुढे काय व्हायचं ते न ठरलेल्या. एक प्रथिन त्यांना सांगावा देतं, की चरबीची पेशी हो. मी त्याचं नाव ठेवलं 'निरोप्या'. बाई खूश! मग काचेची बशी दाखवली. एका माणसानं मरण्याआधी दिलेल्या पेशी. तो गेल्या दिवाळीत गेला, पेशी जगताहेत. त्याच्या अंगात निरोप्या थांबतच नव्हता. उपाशी राहिला असता तरी फुगला असता, म्हणाल्या. मला वर्गातला एक लठ्ठ पोरगा आठवला, झुलाल. बशीवर वाकून मी माझंच जुनं गाणं गुणगुणलो:
झुलाल झुल्या, पोटाची गोणी,
डब्यातली भाकर खाल्ली कोणी?
मुलं काय हसायची!

२० जानेवारी
नमुना म्हणून जुनं संमतिपत्र मिळालं, बशीतल्या त्याच माणसाचं. नाव काळं केलेलं. 'पेशी का देता?' यापुढे लिहिलंय: "मी कुणाची भाकर खाल्ली नव्हती. तपासून बघा."
अक्षर मीच गिरवून घेतलेलं.
झुलालनं सातवीत शाळा सोडली. दप्तर घेऊन दारात उभा राहिला, म्हणाला, जातो गुरुजी. मी भाषेचा मास्तर, चूक सुधारली. जातो म्हणू नये बाळा, येतो म्हणावं. त्यानं दप्तर खांद्याला लावलं. मग म्हणाला, येतो.

२६ जानेवारी
लेंग्याची नाडी पुरेना. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकावर. झाडलोट करणाऱ्या बेबाबाई धुळ्याकडच्या, तोंडानं फटकळ. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही खातस काय नि फुगतस किती!" चार दिवस नुसतं ताक पितोय.

३० जानेवारी
वजन अठ्ठावीस किलोनं वाढलं. असं होत नाही, म्हणाल्या सारिकाबाई. हसल्या नाहीत. बशीतल्या पेशी मात्र रोडावल्या. चरबीचा थेंब उरला नाही. कुठं गेली, त्यांना कळेना.
मला कळलं. निरोप्याला पत्ता मीच सांगितला — गुणगुणून.

१ फेब्रुवारी
भर दुपारी खालून सूर. चाळीस मुलं. खाल्ली कोणी? बेबाबाई म्हणतात, केळीची पानं वाजतात. पानांना यमक कसं जुळेल?

२ फेब्रुवारी
अंगठी मांसात बुडाली. कूस वळवत नाही. वर पत्रे थरथरतात — या खोलीला पत्रे नाहीत. स्लॅब आहे.

३ फेब्रुवारी
कबूल. मधल्या सुट्टीत भूक लागली. वर्गातल्या प्रेमराजच्या डब्यातली भाकर मी खाल्ली. मी. पोरं विचारू लागली, तेव्हा झुल्याकडे बोट — नि दोन ओळी जुळून आल्या. इतक्या छान जुळल्या —
लिहून दिलं तरी सूर थांबत नाही.

४ फेब्रुवारी, सकाळ
सारिकाबाई गाडी घेऊन येणार. दवाखान्यात नेणार. जिन्यात पावलं — हलकी — बाईच असतील.
नाहीत.
दारात झुलाल. वाळून काडी झालेला. सदरा खुंटीला टांगल्यासारखा. हातात प्रेमराजचा डबा —
म्हणतो, येतो म्हणालो होतो, गुरुजी.
डबा उघडला. भाकरी. भरून. संपतच —
म्हणतो, अजून आहे. तोंड उघ