सूचना क्रमांक चौदा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नोकरी. पदाचं नाव 'सामान्य प्रेक्षक'. 'सामान्य' हा शब्द जरा खटकला. घरात पहिली पदवी माझी, तीही फिजिक्सची. आईने शेजारी सांगताना तो शब्द आपणहून गाळला. मी 'फिल्म ॲनालिस्ट' म्हणायचं ठरवलं आहे.

काम असं: परदेशी सायन्स फिक्शन ॲक्शन पिक्चर डब होऊन येतात. लागण्याआधी ते आम्हा नऊ जणांना दाखवतात आणि आम्ही फॉर्म भरून मत द्यायचं. पिक्चर बाहेर फुटू नये म्हणून मोबाइल कपाटात ठेवतात आणि हॉलच्या दाराला बाहेरून कुलूप घालतात. गार्ड किल्ली फिरवतो, खट् असा आवाज येतो. हॉल तळघरात. खिडकी नाही. एसी मुडद्यांसाठी लावावा तसा.

फक्त दोन महिने. मग शाळेत विज्ञान शिक्षिका.
संकल्प: मुलाखतीसाठी रोज पहाटे पाच ते सात अभ्यास.

४ फेब्रुवारी, मंगळवार
सव्वासातला उठले. संकल्प उद्यापासून.

पिक्चर: चंद्र पृथ्वीपासून लांब चालला आहे म्हणून सहा जण त्याला साखळी बांधायला जातात. साखळीचं दुसरं टोक पृथ्वीवर कुठे बांधलं आहे, हे शेवटपर्यंत दाखवलेलं नाही. मी फॉर्मवर लिहिलं. जागा पुरेना, पुरवणी जोडली. तीन पानं. फॉर्मवाल्या मॅडमनी पुरवणी हातात घेऊन वजन केल्यासारखी वरखाली केली आणि म्हणाल्या की नुसत्या खुणा केल्या तरी चालतं. त्यांना माझा वेळ वाया जाईल याची काळजी वाटत असावी. चांगल्या आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आठवड्यातलं तिसरं पिक्चर, आणि तिसऱ्यांदा तेच. अख्ख्या गोष्टीत एकच शिकलेली बाई. चष्मा. ती म्हणते, "हे शक्य नाही," आणि पहिल्या अर्ध्या तासात मरते. पुरवणीत निषेध नोंदवला. चार पानं.

रोबोंना राग आला की त्यांचे डोळे लाल होतात. कारखान्यात ही सोय कोणी केली आणि कशासाठी? शेजारच्या खुर्चीवरच्या पार्लरवालीला विचारलं. ती म्हणाली, ते सोड गं, जग बुडालं, पाणी गळ्याशी आलं, तरी हिरोइनचे केस बघ, आत्ता सेट करून आल्यासारखे. हाही एक दृष्टिकोन आहे. तिला फॉर्मवर लिही म्हटलं. तिने 'बरं आहे'वर खूण केली आणि निघून गेली. दोन मिनिटांत!

१३ फेब्रुवारी, गुरुवार
नायक काचेच्या खोलीत कोंडला जातो. पाणी चढतं. तो काचेवर मुठी आपटतो, छताला लाथा मारतो, भूतकाळ आठवतो. अकरा मिनिटं. दाराला मूठ होती. मी नीट पाहिली. त्याने ती एकदाही ओढून पाहिली नाही.

घरी बाबांना सांगितलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, अठ्ठावीस वर्षं झाली. ते म्हणाले की त्यात काय नवल, लिफ्ट अडकली की माणसं बेल दाबतात, ओरडतात, देवाला बोलावतात. दाराला कोणी हात लावत नाही, आणि निम्म्या वेळा ते नुसतं सरकवलं की उघडतं. मी त्यांना समजावलं की हे निरीक्षण शास्त्रीय नाही, नमुना लहान आहे. ते म्हणाले, बरोबर आहे, मास्तरीणबाई. पदवी मिळाल्यापासून ते मला असंच म्हणतात.

मुद्दा चांगला होता. पुरवणीत घातला. बाबांचं नाव घालायचं राहिलं.

अभ्यास: फॉर्म लिहून मनगट दुखतं आहे. दुखऱ्या हाताने अभ्यास करू नये.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
मोठी बातमी. आज साखळी-चंद्राचा दुसरा भाग. अवकाशात जहाज फुटलं आणि आवाजच आला नाही! पूर्ण शांतता! अवकाशात हवा नसते, आवाज जाणार कसा, हे मी पहिल्या भागाच्या पुरवणीत पान दोनवर लिहिलं होतं. म्हणजे तिकडे वाचतात. चौदा दिवसांत बदल केला. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

नंतर ऑपरेटर स्पीकरची वायर बसवून गेला आणि पुढचं सगळं ऐकू आलं. पण ती शांतता नेमकी स्फोटाच्या वेळीच कशी?

२४ फेब्रुवारी, सोमवार
दार उघडल्यावर मॅडमच्या टेबलावर माझी गेल्या सोमवारची पुरवणी दिसली. तिच्यावर चहाचे तीन ग्लास. तीन गोल डाग, एकमेकांत गुंतलेले. आधी जरा वाईट वाटलं. मग विचार केला, कपाटात बंद राहण्यापेक्षा टेबलावर असलेली बरी. येता-जाता कोणाच्या तरी नजरेस पडते.

मूळ दोष इतरांचा आहे. आठ जण दोन मिनिटांत खुणा करून पळतात. त्यामुळे लिहिलेल्या मतालाच किंमत उरत नाही. आज सूचना क्रमांक चौदा दिली. तीन कलमं:
(अ) प्रत्येकाने किमान दोनशे शब्द लिहावेत.
(ब) सर्वांचे फॉर्म पूर्ण झाल्याशिवाय दार उघडू नये.
(क) लक्ष विचलित होते म्हणून हॉलमधले घड्याळ काढावे.

आधीच्या तेरा सूचनांचं उत्तर आलेलं नाही.

३ मार्च, सोमवार
मंजूर! वरच्या ऑफिसने कोरे फॉर्म येतात म्हणून मॅडमना झापलं होतं म्हणे. भिंतीवर नोटीस लागली आहे. घड्याळाच्या जागी पांढरा गोल उरला आहे.

बदल घडवायला ओळख लागत नाही, चिकाटी लागते. आईला सांगितलं. आई शाळेचे गणवेश शिवते, तिने मशीन थांबवून ऐकलं. मग विचारलं, शाळेच्या मुलाखतीचं पत्र आलं का. येईल.

इतरांची प्रतिक्रिया संमिश्र. निवृत्त वॉचमनकाका म्हणाले की आयुष्यभर मी लोकांना आत ठेवलं, म्हातारपणी मला कोणी कोंडेल असं वाटलं नव्हतं. पार्लरवाली म्हणाली, तुझं कल्याण होवो. सूर वेगळा होता.

४ मार्च, मंगळवार
नवी अडचण. पिक्चर संपल्यावर वॉचमनकाका पाऊण तास कोऱ्या कागदाकडे बघत बसले. दार बंद. एसी चालू. शेवटी म्हणाले, पोरी, मला दोनशे शब्द येत असते तर मी वॉचमन झालो असतो का? त्यांचं मत मात्र उत्तम होतं: नायक स्फोटाकडे पाठ करून चालतो, आमच्याकडे नुसत्या गेटकडे पाठ केली तरी मेमो मिळायचा. मी ते सविस्तर लिहून दिलं. काका अंगठा टेकवणार होते, मी सही करायला लावली.

मग पार्लरवालीने तिचा फॉर्म सरकवला. तिला लिहिता येतं. पण हात दिवसभर लोकांच्या डोक्यात असतो, म्हणाली.

१० मार्च, सोमवार
आता आठही जणांचे फॉर्म मीच लिहिते. म्हणजे माझा धरून नऊ. अठराशे शब्द. याला मी लोकशिक्षण मानते. प्रत्येकाला विचारते, खरं काय वाटलं, नीट आठवा. त्यांना बाहेर जाऊ दे असं वाटलेलं असतं. ते मी लिहीत नाही.

मुलाखतीचं पत्र आलं! २७ मार्च, गुरुवार, दुपारी अडीच. उशिरा येणाऱ्यांचा विचार होणार नाही, असं खाली ठळक छापलं आहे. आईने पत्र दोनदा वाचायला लावलं. एक जागा, बावीस उमेदवार. आईने विचारलं, तयारी झाली ना. मी म्हटलं, रोज नऊ फॉर्म लिहिणाऱ्या माणसाला वेगळी तयारी लागत नाही.

संकल्प: उद्यापासून पहाटे चार.

१९ मार्च, बुधवार
पिक्चर: तीन मिनिटं मागे जाता येणारं यंत्र. नायक प्रत्येक वेळी मागे जातो आणि तीच चूक जरा जोरात करतो.

किती वाजले कळत नाही. मोबाइल कपाटात, भिंतीवर पांढरा गोल. काल पिक्चर उशिरा सुरू झालं होतं, बाहेर आले तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागायला आले होते. दुकानदार शटर अर्धं ओढत होता. मला वाटलं होतं दुपार आहे.

गार्डने किल्ली फिरवली की मी ओढणी घट्ट गुंडाळून घेते. खट्. एसीमुळे असेल.

२६ मार्च, बुधवार
उद्याची रजा घ्यायची का, याचा नीट विचार केला. न घेण्याचं ठरवलं. उद्या साखळी-चंद्राचा शेवटचा भाग आहे. पहिले दोन मीच तपासले, तिसऱ्याला मी नसले तर त्यांनी काय करायचं? शिवाय पिक्चर दहाला सुरू, साडेबाराला संपणार. फॉर्मना तास धरला तरी दीड. शाळा स्कूटरवर अर्ध्या तासावर. अर्धा तास शिल्लक. फिजिक्सच्या माणसाला हिशेब सांगावा लागत नाही.

बाबांनी अर्धी सुट्टी टाकली आहे, मित्राची स्कूटर आणणार. सर्टिफिकेटची फाइल त्यांच्याकडे. एक वाजता तळघरात दाराबाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. आणि बजावलं की काही झालं तरी मला हाका मारायच्या नाहीत, निरोप पाठवायचा नाही. कामाच्या ठिकाणी घरचं माणूस मध्ये बोललं की बरं दिसत नाही. ते म्हणाले, नाही बोलणार.

आईने ड्रेसला दोनदा इस्त्री केली.

२७ मार्च, गुरुवार
पिक्चर संपलं. साखळी तुटली. फॉर्म आले.

पार्लरवालीला माझ्या मुलाखतीचं माहीत होतं. म्हणाली, आज काहीही खरड आणि पळ. वॉचमनकाका म्हणाले, सगळ्यांना एकच लिही, एकाच खोलीत तर बसलो होतो आम्ही. मी नाही म्हटलं. नऊ माणसांची नऊ मतं असतात. आज मुलाखत आहे म्हणून तत्त्व सोडलं, तर उद्या वर्गात मुलांना काय सांगणार? सगळ्यांना जवळ बसवलं, एकेकाला विचारत लिहीत गेले. चौथ्या फॉर्मला काकांनी विचारलं, बेल दाबू का. हॉलमधली बेल फक्त कोणाचं पोट बिघडल्यास गार्डला बोलवायला आहे. कोणाचं बिघडलं नव्हतं.

नववा फॉर्म माझा. पुरवणी जोडली नाही. तेवढी तडजोड केली.

किल्लीचा आवाज, दार, मोबाइल. तीन वाजून बारा मिनिटं.

बाबा बाकावर बसले होते. मांडीवर फाइल, फाइलवर दोन्ही हात. उठले नाहीत. मी म्हटलं, कुलूप होतं, मी काय करणार. ते दाराकडे बघत होते. कामावर असताना लिफ्टचं दार बघतात तसं त्यांनी ते बघितलं, वरून खाली. मग म्हणाले:

"कुलूप लागतच नाही गं हे. जीभ चौकटीत शिरत नाही, नुसती वाजते. घासल्याची खूण बघ, दोन महिने तरी झाले असतील."

मला आधी कळलंच नाही. मग विचारलं की तुम्हाला केव्हा समजलं.

"एक वाजता. गार्ड जेवायला गेला होता. ढकललं, उघडलं. तू लिहीत होतीस. सगळी माणसं तुझ्याभोवती बसलेली, वर्गात बसतात तशी. मी परत लोटून घेतलं."

मी म्हटलं, अडीचची वेळ तुम्हाला माहीत होती.

"होती. पण तू शिकलेली. म्हटलं, तुझा काही विचार असेल."

तरी आम्ही स्कूटरने शाळेवरून गेलो. फाटक बंद होतं.

मुलाखत पुढे गेली, असं आईला सांगितलं. एका अर्थाने खरं आहे. मुलाखत पुढे गेली, मी मागे राहिले. आई म्हणाली, मग ड्रेस परत कपाटात ठेव, चुरगळेल.

२८ मार्च, शुक्रवार
दहा वाजता सगळे आत. गार्डने किल्ली फिरवली. खट्. आठही जण रोजच्यासारखे खुर्चीत मागे रेलले. मी दाराजवळची खुर्ची घेतली होती. चौकट आणि दार यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ होती. इतके दिवस कशी दिसली नाही, कोण जाणे.

कोणालाही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे उठावं लागलं असतं.

पिक्चर: नायक तळघरात अडकतो. एक तास चाळीस मिनिटं. दार ओढून पाहत नाही.

अभिप्राय: या वेळी खटकलं नाही.

मोजले. चार शब्द. अजून एकशे शहाण्णव, आणि आठ फॉर्म.