सोलांजची अळंब्यांची जागा

३ ऑक्टोबर १९७४
सोलांजनं आज मला तिची जागा सांगितली! एकेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. आमच्याकडे बायका अळंब्यांची जागा नवऱ्यालाही सांगत नाहीत — आईकडून लेकीला, तेही आई अंथरुणाला खिळली की. आम्हाला लेक नाही. जिन्यावरून पडून हिचा खुबा मोडला, म्हणून माझी वर्णी लागली. जुन्या चुनाभट्टीच्या वर, चेस्टनटची तीन झाडं. ती सांगत होती आणि मला तिचे लग्नाआधीचे डोळे आठवत होते.

पहिली टोपली बातिस्तला द्या, असं बजावलं. दरवर्षी देते. त्या म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्याची हिला भारी कीव!

४ ऑक्टोबर
दिवसभर पाऊस. उद्या जाईन.

५ ऑक्टोबर
सकाळीच निघालो. शरदाची ती कविता झाडांना म्हणून दाखवली — तीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतली, आज चौथ्या कडव्याला मीच अडलो. अळंबी भट्टीतून काढलेल्या पावासारखी, तपकिरी.

तिथं बातिस्त बसला होता. गावाच्या रानडुकराच्या शिकारीचा म्होरक्या, युद्धापासून. आधी खुब्याची चौकशी केली.

मग म्हणाला, "मास्तर, तुमच्याआधी तिनं ही जागा एकाच माणसाला दाखवली. रेमीला."

रेमी — आमचा पोस्टमन. एक्कावन्नच्या शिकारीत गोळी लागून गेला. अपघात. गावच्या कचेरीचं लिखाणही तेव्हा मास्तरकडेच. 'अपघात' हा शब्द माझ्याच हातचा, वळणदार.

अपघात नव्हता म्हणे. दोघं इथं भेटत. रेमी तिला सोडून निघाला होता. सोलांज बापाची बंदूक घेऊन आली, ते बातिस्तनं पाहिलं. गप्प राहण्याबद्दल पहिली टोपली त्याची.

"आता तुम्ही आणायची. नाहीतर सगळं गाव ऐकेल. आणि हो, लसणात परतून आणलीत तर उत्तमच."

टोपली त्याच्या हातात दिली.

६ ऑक्टोबर
सूप प्यालो. बातिस्त काही म्हणाला का, तिनं विचारलं. खुब्याची चौकशी केली, म्हणालो.

८ ऑक्टोबर
रेमी पत्रं घेऊन यायचा. मी वाइनचा पेला पुढं करून त्याला कविता ऐकवायचो. टोपी हातात धरून ऐकायचा बिचारा! वाटायचं, गावात एक तरी रसिक आहे. कुणासाठी थांबायचा ते आज कळलं.

खून मनात उतरतच नाही. जागा सलते. त्याला हौसेनं दाखवली. मला — खुबा मोडल्यावर.

९ ऑक्टोबर
दुपारी रेमीचं नाव काढलं. तिनं विणकाम खाली ठेवलं. रडली नाही. हो म्हणाली. दोन शरद भेटत होते.

मी म्हणालो, तू त्याला मारलंस हे मी कुणाला सांगणार नाही.

"मी? अहो, बंदूक घेऊन चुनाभट्टीकडून उतरताना बातिस्तनं तुम्हाला पाहिलं होतं. तुमची मान गिलोटिनखाली जाऊ नये, म्हणून तर टोपली देत आले."

मी तर त्या दिवशी ओढ्यापाशी, नेमून दिलेल्या जागी उभा होतो. ओळी पुटपुटत. डुक्कर समोरून गेलं तरी कळलं नव्हतं.

१० ऑक्टोबर
शिकारीत जागा सोडून फिरायची मुभा एकट्या म्होरक्याला असते. म्हणजे बातिस्तला.

तेवीस वर्षं ती मला खुनी समजत होती, आणि मला वाचवत होती. मी तिला एका सकाळीत खुनी ठरवलं.