केसांचं निमित्त

वेस्ट मांबलम, चेन्नई
ऑक्टोबर २००७

प्रिय ताई,

फोनवर तू दर वेळी एवढंच विचारतेस, केसांचं काय म्हणतेस. म्हणून आधी तेच सांगते. गळायचे थांबलेत. कपाळापाशी नवे, बारीक केस आलेत, कितीही विंचरले तरी उभेच राहतात. कौशिक हसतो. मला नाही हसू येत, कारण हे वर्षभर आधी होऊ शकलं असतं.

बाळंतपणानंतर केस जातातच, हे आईनं आपल्या दोघींना सांगून ठेवलं होतं. इरा तीन-चार महिन्यांची असताना ते सुरू झालं तेव्हा मी मनावर घेतलं नाही. पण ते थांबेचनात, आणि मग ज्याला त्याला कारण सापडायला लागलं. कौशिकला वाटलं बोअरचं खारं पाणी, त्यानं बाथरूमच्या नळाला फिल्टर बसवला. सासूबाई म्हणाल्या, अंगावर पाजतेस आणि चिमणीएवढं जेवतेस. खालच्या मजल्यावरच्या भवानी मामींनी तर दृष्टच काढली. त्यांचं घराणं मूळचं तंजावरचं, त्यांचं ते जुनं मराठी निम्मं तमिळच. बोलताना त्यांनी माझ्या हातात कढीपत्ता घालून उकळलेल्या खोबरेलाची बाटली कधी ठेवली ते कळलंही नाही. तू सोलापूरहून माका पाठवलास. मी सगळं केलं. सगळ्यांनी मायेनंच केलं ग, पण सगळे केसांकडेच बघत होते.

मी जे कुणालाच सांगितलं नाही ते आता लिहिते. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मला थंडी वाजायची. चेन्नईच्या मे महिन्यात मी पंखा बंद करायची आणि कौशिक चटई घेऊन गॅलरीत झोपायला जायचा. जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. इरा रडली की उठायला हवं हे कळायचं, पण अंग हलायचं नाही. आणि तिला जवळ घेतलं तरी आत काही हलायचं नाही. मला वाटायचं, इतर बायकांत जे असतं ते माझ्यात घातलंच नाही देवानं.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर तू आलीस तो दिवस तुला आठवतच असेल. सकाळपासून इरा किंचाळत होती, मी पोट दुखतंय म्हणून ग्राइप वॉटर पाजत बसले होते. तू तिचा मोजा काढलास. माझा एक लांब केस तिच्या पायाच्या बोटाभोवती करकचून गुंडाळला गेला होता आणि बोट लाल-जांभळं होऊन सुजलं होतं. तू श्वास रोखून नखं कापायच्या छोट्या कात्रीनं तो कापलास. डॉक्टर म्हणाले, वेळेवर दिसलं. संध्याकाळी फक्त म्हणालीस, "चारू, हिला मी थोडे दिवस नेते. तू बरी हो." मी लगेच हो म्हटलं. स्टेशनवर तुझे डोळे भरले होते, आणि मला नुसतं हलकं वाटत होतं. घरी येऊन मी झोपून गेले.

मूल जवळ नव्हतं, विश्रांती होती, तरी केस जातच राहिले. इराचा पहिला वाढदिवस तुमच्याकडे झाला, मी आले नाही. त्यानंतर एप्रिलमध्ये कौशिक मला टी. नगरला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला, तेही केसांसाठीच. त्यांनी डोकं जेमतेम पाहिलं. गळ्यावर बोटं ठेवून आवंढा गिळायला सांगितला, मग थंडीचं विचारलं, पाळीचं, झोपेचं, मनाचं. मी सांगत गेले आणि कौशिक खाली मान घालून ऐकत राहिला. रक्त तपासलं तर थायरॉइड अगदी मंदावलेलं आणि अंगात लोह नावालाच. बाई म्हणाल्या, बाळंतपणानंतरचं गळणं वर्षभरात आवरतं. नाही आवरलं तर कारण शोधायचं असतं. कधी थायरॉइड, कधी रक्त कमी, कधी खाणं, कधी मनावरचा ताण, आणि कधी हे सगळंच एकदम. मग कौशिककडे वळून शांतपणे म्हणाल्या, "हिचे केस सगळ्यांना दिसले. ही कुणालाच दिसली नाही?"

तेव्हापासून रोज उपाशीपोटी एक गोळी घेते, शिवाय लोहाची. जुलैत एकदा भाजी घेत असताना मागे कुणाचं तरी तान्हं रडलं आणि माझ्या पोटात असं तुटलं की पिशवी तिथेच ठेवून मी दुकानाच्या पायरीवर बसले. म्हणजे ते माझ्यात होतं ग. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं थायरॉइडच्या माथी मारू नका, मनही थकलेलं होतं. असेल. पण इरा चालायला लागली ती तुझ्या अंगणात, आणि मी ते फोटोत पाहिलं.

परवा फोन तिनंच उचलला. माझा आवाज ऐकून ओरडली, "आई, चालूचा फोन!" मग तुझा आवाज आला, दबका, घाबरलेला: "मला आई नाही बाळा, मावशी म्हण." मी काही ऐकलं नाही असं दाखवलं. इतक्या वर्षांच्या दवाखान्यांनंतर तुझ्या आणि भावोजींच्या घरात मूल आलं, आणि तेही दुसऱ्याचं.

फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच "ये ना" म्हणाली असतीस आणि रिसीव्हर ठेवून एकटीच रडली असतीस, म्हणून लिहिते आहे. ताई, दिवाळी झाली की मी इराला न्यायला येते. उचलून नेणार नाही. ती माझ्या कुशीत आपणहून झोपायला लागेपर्यंत तुझ्याकडे राहीन, आणि निघू तेव्हा तूही चल, हवं तितकं राहा. तुझ्याकडून मी काय मागते आहे ते मला कळतं, आणि हे कळण्याइतकी मी बरी झाले याचंच वाईट वाटतं. एक मात्र कर. तिला मावशी म्हणायला शिकवू नकोस. तुला ती आईच म्हणू दे. मला काय म्हणायचं ते तिचं ती ठरवील, मी वाट बघेन.

तुझीच, तुझ्या दारात यायला आजवर न धजलेली,
चारू