घाटाला साजेसे टायर

६ एप्रिल, शनिवार
गाडी घरी आली. लाल, दोन सीटांची, टप उघडणारी. माझी बायको अनग्रेट म्हणाली, या वयात? मी विचारलं, गाडीच्या की माझ्या? ती आत गेली.

सासरेबुवा काठी टेकत अंगणात आले आणि गाडीवरून हात फिरवत राहिले. दातांचा दवाखाना सांभाळून यांनी तरुणपणी आमच्या गावावरच्या घाटात शर्यती जिंकल्यात. आता वय एक्याऐंशी. नजरेच्या मधोमध काळा डाग आलाय आणि तो पसरतोय. माणसाकडे पाहिलं की कान दिसतात, नाक दिसत नाही. फ्रायबुर्ग शहरातले डॉक्टर डोळ्यांत इंजेक्शनं देतात, पण उन्हाळ्याच्या पुढचं काही बोलत नाहीत.

मी सगळ्यांदेखत शब्द दिला. दिसतंय तोवर तुम्हाला याच गाडीतून घाट दाखवणार. ते लगेच म्हणाले, "उद्या जाऊ या."

उद्या कसं जमेल? टायर जुने आहेत, कडांना भेगा पडल्यात. आधी टायर. फार तर आठवडा.

९ एप्रिल
अभ्यास सुरू. टायरवर लिहिलंय २०५/५० आर १६. २०५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. आणि ५० ही उंची, पण मिलिमीटर नव्हेत, रुंदीच्या पन्नास टक्के. लोकांना हे माहीत नसतं. मलाही कालपर्यंत नव्हतं.

सासरेबुवांचं मत: आहे तीच साईज घे आणि मोकळा हो. एवढ्या शर्यती जिंकलेला माणूस, पण महत्त्वाकांक्षा म्हणून नाही.

१३ एप्रिल
ठरलं. २२५/४५ आर १७. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर पकड जास्त, आणि सतरा इंची रिम लाल रंगाला शोभतात. माझ्या बाजूला एक म्हातारा माणूस बसणार आहे. सुरक्षितता महत्त्वाची. दिसण्याचा मुद्दा दुय्यम.

चाकांच्या जागेत बसतील ना, असं अनग्रेटने विचारलं. गाडीतलं तिला काही कळत नाही.

२० एप्रिल
नवी चाकं चढली. काय दिसते गाडी! शेजारचा ग्युन्टर कुंपणापाशी थांबून बघत होता. हेव्याने, असं मला वाटलं. तो म्हणाला की मागच्या चाकात आणि पत्र्यात बोट जात नाहीये. मी म्हटलं, बोट घालायचंच कशाला?

जुनी चाकं सगळी विकून टाकली. सीमेपलीकडच्या कोल्मारहून एक फ्रेंच माणूस येऊन घेऊन गेला. मागे वळून बघणाऱ्यांपैकी मी नव्हे.

२१ एप्रिल, रविवार
सासरेबुवा सकाळपासून टोपी घालून बाकावर बसलेले. त्यांना म्हटलं, आधी चाचणी. अनग्रेटला घेऊन निघालो.

मी एकटा असताना आवाज नव्हता. ती बसल्यावर पहिल्याच खड्ड्याला मागून खर्रर्र. मी फक्त तिच्याकडे पाहिलं. ते पाहायला नको होतं.

दुसऱ्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर पुढचं चाक आतल्या आवरणाला घासून अडल्यासारखं झालं. समोरून दुधाचा टँकर. क्षणभर मला वाटलं, गाडी वळणारच नाही. वळली. टँकरवाल्याने बराच वेळ भोंगा दाबून ठेवला. जळक्या रबराचा वास घरापर्यंत आला.

दाराचं कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली. थंडी असावी. नवे टायर थोडे बोलतातच. रुळतील.

घरी आल्यावर अनग्रेट वडिलांजवळ गेली आणि त्यांची टोपी काढून खुंटीला लावली.

३ मे
सासरेबुवांनी आज कॉफी कपाच्या बाहेर ओतली. टेबलावरून ती शतावरीच्या भाजीच्या ताटात गेली. अनग्रेटने फडकं आणलं. मग तेच म्हणाले की डाग मोठा झालाय. आणि मग सहज विचारल्यासारखं, टायर रुळले का?

या महिन्यात नक्की. लिहून ठेवतो: या महिन्यात.

१४ मे
फ्रायबुर्गला तपासणी. मापं बदलली की कागदपत्रांत नोंद करून घ्यावी लागते. इंजिनिअर बाई होत्या, मुलीच्या वयाच्या. मी त्यांना रुंदी आणि पकड यांचा संबंध समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि मागच्या टायरवर पडलेला चर दाखवला. पत्र्याने रबर कापत आणलं होतं, आतले धागे दिसत होते.

आणखी एक. टायर जवळजवळ चार टक्के उंच झालाय, म्हणून स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू शकतो, आणि ते चालत नाही. नोंद नाकारली. गाडी इथून चालवत न्यायची नाही, म्हणाल्या.

गाडी ट्रकवर बसून घरी आली. ग्युन्टरला सांगितलं की हल्ली चांगल्या गाड्या अशाच नेतात.

१८ मे
चूक कुठे झाली ते सापडलं. मी सासरेबुवांचं अजिबात ऐकलं नव्हतं. आता मधला मार्ग: २०५/५० त्यांचे, १७ माझे. रिम सतरा इंची आहेतच. सगळ्यांचा मान राहिला. अशा वेळी माणसाला पडतं घेता आलं पाहिजे.

१ जून
टायर आले. पूर्वीच्यापेक्षा अरुंद, पण शेजारी ठेवल्यावर उंच का दिसतायत कळेना. उन्हाने प्रसरण पावले असतील.

सासरेबुवा बाकावरून उठून आले. आता ते टायरवरचे आकडे बोटांनी वाचतात. शून्यावर बोट थांबलं, मग सातावर. "जावईबापू, ट्रॅक्टर घेतलायस का?"

आकडेमोड केली. हे टायर त्या बाईंनी नाकारलेल्यांपेक्षाही उंच आहेत. रिम मोठी झाली तर मधला आकडा कमी करायचा असतो, म्हणजे एकूण उंची तीच राहते. हे कुठेच ठळक लिहिलेलं नाही. सगळीकडे लिहिलेलं आहे, पण ठळक नाही.

अनग्रेटला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "विनफ्रीड, त्यांचे डोळे तुझ्या टायरसाठी थांबणार नाहीत." मी म्हटलं, मला कळतं. तिने विचारलं, काय कळतं? मी भाजी वाढून घेतली.

२ जून, रविवार
झोप नाही. खरं कारण टायर आहे का, असा एक विचार आला. त्या टँकरनंतर मला घाटाची... असा एक विचार. तो तिथेच सोडला. खरं कारण टायरच.

८ जून
२०५/४५ आर १७. कंपनीनेच या गाडीला मान्य केलेलं माप. त्या बाईंनी मला हे तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा बोलत होतो.

२१ जून
डोळ्यांच्या दवाखान्यात मी नेलं. सासरेबुवा काचेच्या दाराला धडकले आणि दाराचीच माफी मागितली. आत डॉक्टर हळू आवाजात बोलले. बाहेर आल्यावर सासरेबुवांनी माझा दंड धरला. पूर्वी कधी धरला नव्हता. अनग्रेटची गाडी लावली होती तिथवर तसेच चालत आलो.

२६ जून
टायर बसले. कुठेही घासत नाहीत. चारही बाजूंनी तपासलं, मग पुन्हा तपासलं. मग आणखी एकदा, कारण अनग्रेट बघत होती. रविवारी निघायचं.

३० जून, रविवार
गेलो.

टप उघडा, त्यांच्या डोक्यावर टोपी, ऊन स्वच्छ. मी आधीच सांगितलं, आज घाई नाही. चाळीसने निघालो. मागे गाड्यांची रांग लागली. एक सायकलवाला पुढे गेला आणि आदराने हात करून गेला. हाताला घाम येत होता. उन्हाने.

सासरेबुवा समोर बघत नव्हते. मान वर करून, वाऱ्याकडे तोंड. प्रत्येक वळणाआधी शांतपणे सांगायचे: आता डावीकडे, लांब आहे, सोडू नकोस. आता उजवीकडे, आत घे. एकही चुकलं नाही. मला हळूहळू वळणं त्यांच्या आवाजावर घेता यायला लागली. एका ठिकाणी पन्नास गाठले.

वर हॉटेलच्या अंगणात बसलो. चेरीचा केक मागवला, त्यांच्या बशीत कापून दिला. मग मी धीर करून विचारलं, काही दिसलं का? म्हणाले, नाही रे. प्रकाश आहे, एवढं कळलं.

मी काटा खाली ठेवला. मी म्हणायला लागलो की हे टायर जर एप्रिलमध्येच मिळाले असते. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"अरे, मी पाहिलाय घाट. तू गाडीच्या तपासणीला गेला होतास ना, त्या दिवशी अनग्रेटने आणलं होतं. दोनदा वर, दोनदा खाली. कडेकडेने का होईना, सगळा दिसला."

कुठल्या गाडीतून, मी विचारलं. तिच्याच. बाजारहाटाच्या. मी बशी बाजूला सारली. मग राहवेना, टायर कुठल्या मापाचे होते ते विचारलं.

"गोल होते."

मग आज कशाला आलात, म्हटलं. त्यांनी काट्याने केक शोधला. सापडायला वेळ लागला, मी मदत केली नाही, त्यांना आवडत नाही. म्हणाले, "तू इतके दिवस खपत होतास. नाही कसं म्हणू?"

उतरताना निम्म्या घाटातच त्यांना झोप लागली. म्हणजे टायर खरोखरच शांत आहेत.