उजव्या खालच्या कोपऱ्यातील ठिपका

११ ऑगस्ट, सोमवार
आजपासून सूनबाईंचे काम हाती घेतले. मृणालच्या प्रयोगशाळेत द्राक्षवेलींचा रस काचेच्या चिपवर तपासतात. नखाएवढ्या काचेवर शेकडो ठिपके. ज्याला रोगाचा अंश सापडतो, तो हिरवा उजळतो. प्रतिमा मात्र धूळ, ओघळ आणि फिकट धुके यांनी भरलेल्या. त्यातून खरा ठिपका ओळखायला संगणकाला शिकवायचे, म्हणून आधी माणसाने खुणा करायच्या. तीन बटणे: ‘उजळला’, ‘नाही उजळला’, ‘सांगता येत नाही’. एकोणचाळीस वर्षे मुद्रितशोधन केले आहे, तिसरे बटण मला लागणार नाही, असे तिला सांगितले. ती हसली. “बाबा, तेच बटण तुम्ही जास्त दाबावं, असं मला वाटतं.”

२१ ऑगस्ट, गुरुवार
चारशे प्रतिमा पूर्ण. ‘सांगता येत नाही’: शून्य. ठिपका फिकट असेल तर शेजारचे पाहावेत, मधला आपोआप कळतो; अक्षर उडालेला शब्द आपण असाच वाचतो.
उजव्या खालच्या कोपऱ्यातील एक ठिपका वारंवार उजळलेला आढळतो. मृ. म्हणते, ती जागा काळ्या द्राक्षांच्या एका विषाणूची. पाने कडेने लाल होऊन आत वळतात. साथ असावी.
सायंकाळी चहाच्या बशीच्या काठावर हिरवट ठिपका. दोनदा पुसला. दृष्टी हलवली तेव्हा गेला.

२ सप्टें., मंगळवार
निफाडच्या दत्तूचे, माझ्या धाकट्या भावाचे, नमुने आले आहेत. प्रतिमेवर नाव वाचले. कोपरा उजळलेला. अहवालास आठवडा लागणार होता. मृ.ला न विचारता मीच दूरध्वनी केला. दत्तूची सात वर्षांची बाग. तो म्हणाला, “तू पाह्यलंस ना दादा? मंग झालं.” शेजारच्या बागांना लागू नये म्हणून सोमवारी सगळे वेल तोडणार.

५ सप्टें., शुक्रवार
संगणक शिकून तयार. मृ.ने आम्हां दोघांना एकच नवी प्रतिमा दिली. मी कोपऱ्यावर ‘उजळला’ अशी खूण केली. संगणकानेही. अभिमान वाटला. मग तिने सांगितले, त्या चिपवर रस नव्हताच. शुद्ध पाणी होते.
मुद्रितशोधनाचे दुसरे वाचन शेवटाकडून सुरुवातीकडे, एकेक शब्द घेत करावे, म्हणजे अर्थ डोळ्यांना ओढून नेत नाही. हे मीच तिला शिकवले होते. तिने तीच प्रतिमा उलटी करून समोर ठेवली. ठिपका डावीकडे वर जायला हवा होता. तो उजवीकडे खालीच होता.
“बाबा, तिथं काही नाहीये.”
उजवा डोळा झाकला. ठिपका नाहीसा झाला.
मग उलटी प्रतिमा संगणकाला दिली. त्याला झाकायला डोळा नाही. त्यानेही तोच कोपरा दाखवला.

७ सप्टें., रविवार
काल नेत्रतज्ज्ञांकडे. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर डाग आहे. मृ. माझ्या सर्व खुणा पुसणार, इतरांकडून नव्याने करून घेणार. दत्तूची चिप बुधवारी पुन्हा वाचली जाईल.
त्याला तीनदा दूरध्वनी केला. पावसाविषयी बोललो. ‘मी चुकलो’ हे वाक्य निर्दोष आहे, दोनच शब्दांचे आहे. उच्चारता आले नाही.

८ सप्टें., सोमवार
पहिल्या एस.टी.ने निफाड. बागेत पोहोचलो तेव्हा करवत पहिल्या वेलाच्या खोडाला लागली होती. हात वर करून थांबवली. सर्व सांगितले. करवत चालवणाऱ्या दोन माणसांनी ती खाली ठेवली.
दत्तूने विचारले, “मंग बाग चांगली हाय का नाय? येवढंच सांग.”
आयुष्यात प्रथमच म्हणालो, “सांगता येत नाही.”
तो हसला, पण ते हसू बरे नव्हते. एक पान तोडून माझ्या हाती दिले. “हे बघ, हिरवंगार.”
पानाच्या उजव्या खालच्या कडेला लाली होती. मला अपेक्षितच होते. उजवा डोळा झाकला. लाली तशीच. पान उलटे फिरवले. लाली पानाबरोबर फिरली, डावीकडे वर गेली.
दत्तूला दाखवले. त्याने पान उन्हात धरले. “कुठं लाल हाय, दादा?” दोन्ही माणसांनाही दिसली नाही.
बुधवारपर्यंत करवत थांबली आहे.
पान या वहीत ठेवून घरी आणले. दिवेलागणीला मृ.पुढे ठेवले, काय पाहायचे, ते मुद्दाम सांगितले नाही. तिने ते दिव्याखाली धरले. उलटे फिरवले. पुन्हा सरळ केले. उजव्या खालच्या कडेशी बोट नेले.
मग तळहाताने स्वतःचा उजवा डोळा झाकला.